नडगीचे हाड आणि बेचाळीस किलोमीटर : जून २०२३ ते मार्च २०२४ च्या नोंदी

४ जून २०२३, रविवार

पुढच्या जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पळायचे असे ठरवून आजपासून या नोंदी सुरू करत आहे. माझे वय ४१ आहे. पुण्यात कोथरूडला राहते आणि शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास उभ्यानेच जातात. गेल्या डिसेंबरात अर्धमॅरेथॉन २ तास १८ मिनिटांत पूर्ण झाली होती. सध्या आठवड्यातून तीन दिवस मिळून २५ किलोमीटर होतात. आता चार दिवस पळायचे, दर आठवड्याला एक-दोन किलोमीटर वाढवायचे आणि नोव्हेंबरअखेर ६० पर्यंत पोहोचायचे, असा आराखडा आहे. बुधवारी वेगाचा सराव, रविवारी लांब पल्ला, सोमवारी विश्रांती. उद्दिष्ट ४ तास ४५ मिनिटांचे. जुन्या बुटांचे ८०० किलोमीटर झाले होते म्हणून नवे घेतले, ६,८०० रुपये. नोकरी आणि घर सांभाळून पहिल्यांदा हे अंतर गाठू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून खर्च, वेळ आणि चुका जशा घडतील तशा लिहिणार आहे.

२ जुलै २०२३, रविवार

या आठवड्यात ३४ किलोमीटर झाले. सगळे सुरळीत आहे. माझ्या धावण्याच्या गटातील बाकीचे लोक सकाळी साधारण ६ मिनिटे ५० सेकंदांना एक किलोमीटर या वेगाने पळतात आणि मीही त्यांच्याबरोबर पळते. बोलणे जमते, पण वाक्य मध्येच तुटते. याला आम्ही सगळेच ‘सावकाश पळणे’ म्हणतो.

२३ जुलै २०२३, रविवार

पावसात एनडीए रस्त्याने उत्तमनगरकडे जाऊन परत, १६ किलोमीटर. मनगटावरचे घड्याळ आज सावकाश पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला १७२ दाखवत होते. घरी येऊन आलेख पाहिला, तेव्हा पावलांचा आकडाही १७२ च होता. मनगटावरचे घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने नाडी मोजते आणि पट्टा सैल किंवा ओला असला की कधीकधी पावलांच्या हिसक्यांनाच नाडी समजते, हे तेव्हा कळले. छातीवर बांधायचा पट्टा मागवला, ५,२०० रुपये. ज्यांना ठोक्यांवर सराव बेतायचा आहे त्यांनी हा खर्च पहिल्याच महिन्यात करावा, कारण माझे सात आठवडे चुकीच्या आकड्यांवर गेले.

६ ऑगस्ट २०२३, रविवार

पट्ट्याचे खरे आकडे मिळाले आणि ते फारसे दिलासादायक नाहीत. वेताळ टेकडीच्या चढावर जीव तोडून पळाले तेव्हा सर्वाधिक १८२ ठोके दिसले. ज्याला मी सावकाश म्हणत होते त्या वेगाला सरासरी १५९ आहेत. प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचा १८० मधून वय वजा करण्याचा प्रसिद्ध आडाखा लावला तर माझी सावकाश पळण्याची मर्यादा १३९ येते. आडाखा सगळ्यांना तंतोतंत लागू होतो असे नाही, पण वीस ठोक्यांचा फरक आडाख्याच्या चुकीत बसणारा नाही. म्हणजे बुधवारचा वेगवान सराव सोडला तरी उरलेले तिन्ही दिवसही मी बऱ्याच जोरात पळत आहे.

हे कळूनही या आठवड्यात काहीच बदलले नाही, हेही लिहून ठेवते. १३९ च्या आत राहायचे तर किलोमीटरला सव्वाआठ मिनिटे लागतात आणि त्या वेगाने गेले की गट दहा मिनिटांत दिसेनासा होतो. एकटीने मागे राहणे मला जमले नाही.

२० ऑगस्ट २०२३, रविवार

आठवड्याचे ४४ किलोमीटर. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा पस्तीसच्या पुढे किलोमीटर झालेले असतात. त्याची तयारी म्हणून गुरुवारी टेकडीवर चढ-उतार सुरू केला आहे. म्हणजे बुधवारच्या वेगाच्या सरावाला लागूनच दुसरा कठीण दिवस आला. निज श्रावण सुरू झाला आहे आणि सोमवारचे उपवास मी नेहमीप्रमाणे करणार आहे. सोमवारी पळायचे नसल्याने अडचण येईल असे वाटत नाही. वजन ५८ वरून ५६ वर आले, याचा आनंद आहे.

१० सप्टेंबर २०२३, रविवार

४८ किलोमीटर, त्यात आज सलग २४. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून वीतभर वर, दुखते आहे. पळायला लागले की पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जाणवते आणि मग थांबते. गटात बहुतेकांना हे कधी ना कधी झालेले आहे, त्यामुळे बर्फ लावणे आणि पोटरीचे ताण देणे एवढ्यावरच भागवले.

१ ऑक्टोबर २०२३, रविवार

गणपतीत घरच्या कामांमुळे तीन दिवसांचा सराव बुडाला. नडगीला बरे वाटू लागले होते. परंतु अनंत चतुर्दशीपासून बुडालेले किलोमीटर भरून काढण्यासाठी चार दिवसांत ३९ किलोमीटर पळाले, आणि दुखणे पहिल्यापेक्षा वाढून परत आले. बुडालेला सराव बुडाला असेच धरायला हवे होते. ज्या विश्रांतीने पाय सुधारत होता तिलाच मी तोटा समजले आणि वसूल करायला निघाले.

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

५२ किलोमीटर. दुखण्याचे स्वरूप बदलले आहे आणि ही नोंद मी मुद्दाम सविस्तर करते. सप्टेंबरात दुखरा भाग हाताच्या पंजाएवढा लांब, पसरट होता आणि पळताना दुखणे कमी होत असे. आता एका बोटाच्या टोकाने दाबून दाखवता येईल अशी एकच जागा आहे, पळताना दुखणे वाढत जाते आणि शाळेत जिना उतरतानाही जाणवते. आजच्या २६ किलोमीटरआधी मी आयब्युप्रोफेनची वेदनाशामक गोळी घेतली. लांब पळताना अंगातले पाणी कमी होते आणि मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात ही गोळी घेणे धोक्याचे, हे मला ठाऊक होते. त्याहून वाईट म्हणजे पाय जे सांगत होता ते तीन तास ऐकूच आले नाही.

२२ ऑक्टोबर २०२३, रविवार

घटस्थापनेपासून नऊ दिवसांचा उपवास चालू आहे : साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचा लाडू, फळे, रात्री दूध. त्यातच आज ३० किलोमीटरचा बेत होता. एकोणिसाव्या किलोमीटरला शिवण्याजवळ डावा पाय टेकवेना. रिक्षाने घरी आले. संध्याकाळी डाव्या पायावर एक उडी मारून पाहिली आणि डोळ्यांत पाणी आले. रात्री अंथरुणावरही ठणका लागला आहे.

२७ ऑक्टोबर २०२३, शुक्रवार

क्रीडावैद्यक तज्ज्ञांकडे गेले. एक्स-रे स्वच्छ आला आणि क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले, पण डॉक्टरांनी तिथेच सांगितले की हाडावरचा असा ताण सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या आत, मज्जेत सूज दिसली. भेगेची रेषा अजून नाही. म्हणजे हाड मोडण्याच्या वाटेवर होते आणि आपण त्याआधीच थांबलो. जागा आतल्या-मागच्या बाजूची आहे, तिथले हाड सहसा भरून येते. पुढच्या कडेला असते तर प्रकरण बरेच लांबले असते. आठ आठवडे पळणे बंद.

त्यानंतर डॉक्टरांनी जे विचारले त्याची मला अपेक्षा नव्हती. दिवसभरात काय खाता आणि पाळी नियमित येते का? ऑगस्टपासून माझी पाळी ४०-४५ दिवसांनी येत होती आणि वयामुळे असेल असे मी परस्पर ठरवून टाकले होते. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचे माप) ११ आणि ड जीवनसत्त्व १४, म्हणजे तिन्ही कमी निघाले. हाडाची रोज थोडी झीज होते आणि रोज थोडी भर पडते. पळण्याने झीज वाढते, मग भर घालायला अन्न आणि संप्रेरके दोन्ही पुरेशी लागतात. खाणे सतत कमी पडले की शरीर आधी पाळी लांबवते, हाडांची डागडुजी मागे टाकते आणि पळणारा मात्र वजन उतरले म्हणून खूश असतो. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली नाव दिले : ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट’, थोडक्यात ‘रेड्स’. मला वाटत होते की हे फक्त व्यावसायिक खेळाडूंना होते.

आतापर्यंतचा खर्च : तपासणी शुल्क १,२००, एक्स-रे ६००, एमआरआय ७,५००, रक्त ३,१००.

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आहारतज्ज्ञ बाईंनी मला सप्टेंबरातला एक आठवडा आठवून लिहायला लावला. सराव असलेल्या दिवशी माझ्या पोटात साधारण दीड हजार कॅलरी जात होत्या आणि गरज त्याहून सहाशे-सातशेंनी अधिक होती. सकाळी चहा-बिस्किटावर पळणे, घरी येऊन डबे भरणे, धावतपळत शाळा गाठणे आणि पहिले खरे जेवण साडेअकराच्या सुट्टीत. पळून आल्यावर चार-पाच तास शरीराला दुरुस्तीचे सामान मिळतच नव्हते. श्रावणातले सोमवार तर नेमके रविवारच्या लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी येत होते, म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त खायला हवे होते त्याच दिवशी मी उपाशी होते. ‘सोमवारी पळायचे नसल्याने अडचण येईल असे वाटत नाही’ हे माझेच वाक्य वर आहे, ते खोडत नाही.

उपवासांविषयी घरात बोलणे मला अवघड वाटत होते. सासूबाईंना अहवाल वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “दोन्ही मुलांच्या वेळी पोटुशी असताना मी नवरात्र केलं नव्हतं, नुसता दिवा लावला होता. तूही तसंच कर. आणि हे मला आधी का नाही सांगितलंस?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजन

सध्याचा क्रम असा आहे. आठवड्यातून तीनदा जलतरण तलावात कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता पळण्याची क्रिया करते, ४० मिनिटे. महिन्याचे १,५०० रुपये. सुरुवातीला फार कंटाळवाणे वाटले, पण हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात आणि नडगीवर भार येत नाही. दोन दिवस घरीच पोटरी, मांडी आणि नितंबांचे व्यायाम. लोहाची गोळी चहाच्या वेळेपासून किमान तासभर दूर, लिंबूपाण्याबरोबर. आधी मी ती चहाबरोबरच घेत होते आणि चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट अंगाला लागत नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी दिली आहे. त्यांच्या सल्ल्याशिवाय कोणी हे प्रमाण उचलू नये. फराळ यंदा मोजून खात नाही.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

जानेवारीत मुंबईला जायचे नाही असे आज ठरवले. डिसेंबरअखेर पळायला परवानगी मिळाली तरी हातात चार आठवडे उरतात. गटातील एका दादांनी सुचवले की चालत-पळत साडेसहा तासांत होऊन जाईल, पैसे वाया जाणार नाहीत. त्यांचा हेतू चांगला होता आणि मी दोन दिवस त्याच विचारात होते. पण नुकत्याच भरू लागलेल्या हाडाला पन्नास हजारांहून अधिक पावले द्यायची आणि त्या बदल्यात पदक घ्यायचे, हे मला पटेना. प्रवेशशुल्क परत मिळणार नाही. रेल्वेचे आरक्षण रद्द केले. यात एकूण सुमारे ४,००० रुपये गेले.

२४ डिसेंबर २०२३, रविवार

नडगीवर बोटाने दाबून दुखत नाही, भराभर ३० मिनिटे चालून दुखत नाही, डाव्या पायावर सलग दहा उड्या मारून दुखत नाही. या तिन्ही गोष्टी सलग आठवडाभर जमल्यावरच सुरुवात करायची असे डॉक्टरांनी सांगितले होते. आज शाळेच्या मातीच्या मैदानावर एक मिनिट पळणे, चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा केले. एकूण सहा मिनिटे पळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही तरच तिसऱ्या दिवशी पुन्हा, असा नियम आहे. दुखण्याचा निकाल पळतानाच्या जाणिवेवर लावत नाही, दुसऱ्या सकाळी जिना उतरताना लावते.

२१ जानेवारी २०२४, रविवार

आज मुंबईची मॅरेथॉन झाली. मी पुण्यातच होते. पहाटे पाचला उठले, मैदानावर गेले आणि चार मिनिटे पळणे, एक मिनिट चालणे, असे सहा वेळा केले. नंतर घरी येऊन फोनवर गटातील पाच जणांच्या वेळा पाहत बसले. तिघांनी उत्तम पळून पूर्ण केले. एका ताईला तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले आणि पेडर रोड चालत चढावा लागला. वाईट वाटले, हे मान्य करते. पाय मात्र दुखला नाही.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

सलग ३० मिनिटे पळता येते. वेग किलोमीटरला ८ मिनिटे १० सेकंद, ठोके १३९ च्या आत. सराव एकटीने करते. पट्टा नसेल त्या दिवशी माझी कसोटी साधी आहे : एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणायचा. एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत दर ओळ न तुटता आली तर वेग योग्य आहे. ऑगस्टातल्या वेगाने मला तो तिसऱ्या ओळीच्या पुढे म्हणता आला नसता.

उच्च पातळीवरचे लांब पल्ल्याचे खेळाडू साधारण ऐंशी टक्के सराव सावकाश करतात, असे व्यायामशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांच्या निरीक्षणातून पुढे आले आहे आणि ते आता सर्वांना माहीत आहे. मलाही माहीत होते. माझी चूक ‘सावकाश’ या शब्दात होती : कागदावर माझा तीन-चतुर्थांश सराव सावकाश होता आणि पट्ट्याच्या नोंदीप्रमाणे त्यातला जवळजवळ काहीच तसा नव्हता. किलोमीटर फार वेगाने वाढवले असे मी ऑक्टोबरात सगळ्यांना सांगत होते. आज जुन्या नोंदी पुन्हा वाचल्यावर वाटते की २५ चे ५२ चार महिन्यांत कदाचित झेपलेही असते, जर त्याच काळात प्रत्येक दिवस जोरात पळले नसते, टेकडीचा दिवस घुसवला नसता आणि पोटभर खाल्ले असते. हे तिन्ही एकाच पायावर, एकाच वेळी टाकले.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

मंगळवारी बरे वाटत होते म्हणून वेताळ टेकडीवरून पळत उतरले. बुधवारी सकाळी जिन्यावर जुन्याच जागी किंचित ओढ जाणवली. चार दिवस पूर्ण थांबले, तलावावर गेले, आणि आजपासून पुन्हा दोन आठवड्यांपूर्वीच्या पायरीवर आले. उतारावर प्रत्येक पावलाला नडगीवर येणारा भार सपाटीपेक्षा बराच जास्त असतो. टेकडीवर जायचे तर पळत चढायचे आणि चालत उतरायचे, असे मेअखेरपर्यंत ठरवले आहे.

१७ मार्च २०२४, रविवार

दुसरी रक्ततपासणी : फेरिटिन ३४, हिमोग्लोबिन १२.३, ड जीवनसत्त्व ३६. धावणाऱ्या बाईसाठी फेरिटिन निदान तिसाच्या वर हवे असे डॉक्टरांचे म्हणणे होते, तेवढे झाले. गेल्या दोन पाळ्या ३१ आणि ३० दिवसांनी आल्या. वजन ५४.५ पर्यंत उतरले होते ते आता ५७.५ आहे. पळून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दोन अंडी आणि पोळी, किंवा दूध-केळे आणि शेंगदाण्याचा लाडू, हे शाळेच्या घाईतही चुकवत नाही. आदल्या रात्रीच डबा भरून ठेवला की जमते.

आठवड्याचे २८ किलोमीटर, चारही दिवस १३९ च्या आत. त्याच ठोक्यांना वेग आता ७ मिनिटे ४० सेकंद झाला आहे, म्हणजे एकही वेगाचा सराव न करता पाच आठवड्यांत तीस सेकंदांनी सुधारला. गेल्या जूनपासूनचा बूट, पट्टा, तपासण्या, तलाव, आहारतज्ज्ञ आणि वाया गेलेली मुंबई असा हिशेब ३७,००० रुपयांच्या थोडा वर जातो. त्यातले बूट आणि पट्टा सोडले तर बाकी सगळे दुखापतीचे आहे.

३१ मार्च २०२४, रविवार

आज एनडीए रस्त्यावर १२ किलोमीटर, ज्या ठिकाणी ऑक्टोबरात रिक्षा केली तिथून पुढे जाऊन परत आले. सरासरी ठोके १३७. उन्हाळा सुरू झाला आहे, त्यामुळे सहाच्या आत बाहेर पडावे लागते. नंतर त्याच ठोक्यांना वेग कमी होतो आणि तो मी तसाच होऊ देते.

पुढचे तीन महिने ठरलेले आहेत. एप्रिलमध्ये आठवड्याला ३२ किलोमीटरच्या वर जायचे नाही. मेमध्ये आठवड्यातून एकदा, सपाट मातीवर, वीस-वीस सेकंदांच्या सहा जलद धावा, आणि त्या आठवड्यात किलोमीटर वाढवायचे नाहीत. ९ एप्रिलला पाडवा आहे आणि त्याच दिवसापासून चैत्रातले नवरात्र. सासूबाई दिवा लावणार आहेत, मी सकाळी पळून येऊन नेहमीसारखी जेवणार आहे. तिसरी रक्ततपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्यात फेरिटिन ४० च्या वर असले तरच मुंबईचा अर्ज भरायचा.